खाऱ्या पाण्यावरचा हरभरा

एका कुंडीत एकच झाड, हा आमच्या शेडचा नियम. दुसरं काही उगवलं की उपटून टाकायचं. किस्स्यांना मात्र कोणी खुरपत नाही. चहाच्या वेळी एकानं एखादा सांगायला घेतला, की त्याच्या मुळाला धरून आणखी चार वर येतात. असे बरेच साठले आहेत. त्यातले या हिवाळ्याचे काही सांगतो.

घाटंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं शेतकी संशोधन केंद्र आहे. तिथे मी रोजंदारीवर कुंड्यांना पाणी घालतो. खरं म्हणजे अर्ध्या कुंड्यांना पाणी न घालण्याचेच मला पैसे मिळतात. कारण तिथं झाडांना तहानलेलं ठेवतात, काहींना खारं पाणी देतात, आणि ती कशी तग धरतात ते पाहतात. हे काम मॅडमचं. त्या लातूरकडच्या, वय लहान, पण सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत गजानन. पंप, वायरी आणि पत्रे बघायला सलीम मिस्त्री. कुंड्या भरायला, खुरपायला कमळाबाई. आणि मी.

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यामुळे मॅडमनी सांगितलेलं मला जेवढं समजलं, तेवढंच सांगतो. पाणी कमी पडलं, की झाड नुसतं सुकत बसत नाही. ते पानात काही गोष्टी तयार करायला घेतं. त्यातल्या एकीचं नाव प्रोलीन. काही साखरेच्या जातीच्या असतात. या गोष्टी आतलं पाणी धरून ठेवतात आणि पानातल्या नाजूक वस्तू मोडू देत नाहीत. जमीन खारी असली, तर ती झाडाचं पाणी उलट आपल्याकडे ओढते. मग झाडालाही आतून तेवढाच जोर लावावा लागतो. तो जोर याच गोष्टींचा.

हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्याकडेच्या रुईकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती नुसतीच उभी आहे.

*

मॅडमनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की कोणाच्या घरी जुना हरभरा असेल तर आणा. बाजारातला नको, घरचा राखलेला. कमळाबाईनं पदराच्या गाठीतून मूठभर आणला. दाणे बारीक, काळपट, सुरकुतलेले.

कमळाबाईची नाल्याकाठी थोडी जमीन आहे. ऊन तापलं की तिच्यावर पांढरी पुटं चढतात. बोअरचं पाणीही खारं. सासू होती तोवर तिथं हा हरभरा यायचा. सासू गेल्यावर पेरणंच थांबलं. आता जमीन रस्त्याला लागून, म्हणून दीर म्हणत होता की ढाबेवाल्याला देऊन टाकू. कमळाबाईनं त्याच्याकडून होळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर या मातीत काही येतं असं कळलं तर जमीन ठेवायची, नाहीतर ढाबा.

मॅडमनी कुंडीला लावायची चिठ्ठी काढली आणि विचारलं, वाणाचं नाव काय लिहू?

कमळाबाई म्हणाली, "नाव कायचं, मॅडम? सासूनं माहं नाव कधी धड घेतलं नाही, चन्याचं काय घेते!"

मॅडमनी चिठ्ठीवर लिहिलं, 'सासू'.

तेव्हापासून शेडमध्ये रोज सकाळी गजानन कागद बघून मोठ्यानं सांगायचा, आज सासूला मीठ द्यायचं आहे. आणि कमळाबाई इतक्या आनंदानं झारी उचलायची, की पाहत राहावं.

*

मिठावरून आठवलं. एकदा प्रयोगशाळेतलं मीठ संपलं आणि नवं यायला वेळ होता. तोवर मोठ्या वाफ्यांसाठी साधं खडेमीठ चालेल, असं मॅडम म्हणाल्या. मी आमच्या गावच्या दुकानात गेलो आणि पोतंभर मीठ मागितलं.

दुकानदारानं मापं खाली ठेवली. इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "काका, कोनाचं झाड माराचं हाय?"

आमच्याकडे बांधावरच्या झाडावरून वाद झाला, की कोणी कोणी त्याच्या बुडाशी मीठ पुरतात. मी म्हटलं, कोणाचं नाही, आमचंच आहे. मी बोलतो हळू, आणि पुढचं सांगेपर्यंत दुकानदाराला जे समजायचं ते समजून गेलं.

माझ्या शेजाऱ्याचा लिंब आहे. त्याच्या फांद्या माझ्या छपराच्या कवेलूंवर येतात, कवेलू फुटतात. तीन वर्षं सांगत होतो. त्या दिवशी संध्याकाळी शेजारी आपणहून घरी आला, बसला, चहा प्याला. जाताना म्हणाला, "भाऊ, उद्या सकायी फांद्या छाटतो. पन मीठ नका टाकू."

सकाळी खरंच छाटल्या.

घरी हिलाही हे मिठाचं काही पटलेलं नाही. रोज संध्याकाळी हात धुवायला पाणी देताना विचारते, "आज किती मारले?"

*

प्रोलीन किती आहे हे पाहायची रीत मला फार आवडते. पान घोटायचं, गाळायचं, त्यात एक रसायन घालून उकळायचं, मग बर्फात ठेवायचं. शेवटी रंगाच्या दुकानासारखा वास येणारं एक पातळ घालून हलवलं, की वर लाल थर येतो. पाणी प्यालेल्या झाडाचा थर फिका, तहानलेल्याचा गडद. मी नळ्यांच्या रांगेसमोर उभा राहतो. झाडानं तोंड न उघडता सांगितलेलं असं समोर दिसतं.

एकदा 'सासू'च्या नळ्या फिक्या आल्या. अगदी भरपूर पाणी दिलेल्या झाडासारख्या. मॅडमनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा फिक्या. गजाननला वाटलं, रसायन बिघडलं. त्यानं नवी बाटली फोडली, तरी तेच. खारं पाणी देऊन तहानलेलं ठेवलेलं झाड, आणि आत तहानेची काही खूणच नाही. मॅडम दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी सलीम मिस्त्री पत्र्यावर चढला होता. त्याला वरून सगळं दिसलं. कमळाबाई जेवली, डबा धुतला, आणि धुतलेलं पाणी एकेका 'सासू'च्या कुंडीत ओतत गेली.

मॅडमनी तिला बोलावलं. कमळाबाई म्हणाली, "म्या पानी नाही घातलं, मॅडम. डब्बा धुतला."

मॅडम रागावल्या नाहीत. तिच्याजवळ खाली बसल्या आणि समजावून सांगू लागल्या. पाणी मिळालं की झाड ते तयार करणं थांबवतं, साठवलेलंही मोडून टाकतं. तुम्ही माया केली, आणि त्यानं आवरून ठेवलं.

कमळाबाई म्हणाली, "लेकरू रडलं तं माय उठते. तुम्ही म्हन्ता, रडू द्या."

"रडल्याशिवाय हे लेकरू चूल पेटवत नाही, कमळाबाई," मॅडम म्हणाल्या.

त्या कुंड्या बाद झाल्या. 'सासू'चं नाव प्रयोगातून काढावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी कमळाबाई घरातलं गाडगं घेऊन आली. राखेत ठेवलेला उरलेला हरभरा त्यात होता. तिनं तो मॅडमच्या टेबलावर उपडा केला. मॅडमनी विचारलं, घरी थोडा ठेवला ना? ती म्हणाली, ठेवून उंदराले द्यायचा काय?

म्हणजे आता जो काही 'सासू'चा हरभरा होता, तो आमच्याकडे होता. त्यातलेही बहुतेक दाणे किडलेले निघाले. बाकीचे पेरले, तर चारच कुंड्यांत उगवले. होळीला दोनच महिने उरले होते.

*

मध्ये एक दिवस शेतकऱ्यांचा दौरा आला. ढाणकीचे, फुलसावंगीचे, दोन जीप भरून. मॅडम त्यांना कुंड्यांपुढे उभं करून सांगत होत्या, की साखरेच्या जातीच्या गोष्टी पानातलं पाणी धरून ठेवतात. लोक माना हलवत होते, पण चेहरे कोरेच. तेव्हा कमळाबाई मागून म्हणाली, "म्हंजे झाड आतून मुरंबा करते. मुरंबा कसा, बरनीत वर्षभर सुकत नाही."

मॅडमना ते फार आवडलं. त्या म्हणाल्या, अगदी तसंच समजा.

ढाणकीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हे मनावर घेतलं. सगळे पुढे गेले, तो मागे राहिला. त्यानं हळूच हरभऱ्याचा शेंडा खुडला आणि तोंडात टाकला. आता हरभऱ्याच्या पानावर आंब, म्हणजे आंबट दव, असते, हे त्याला माहीत नसेल असं नाही. पण मॅडम म्हणाल्या मुरंबा, म्हणून त्यानं आशेनं चावला असावा. त्यात आम्ही रोज घालत होतो खारं पाणी, तेही पानावर उडालेलं. त्याचे डोळे मिटले, मान खांद्यात गेली.

मग त्यानं मॅडमना हाक मारून शांतपणे सांगितलं, "बाई, तुमचा मुरंबा नासला. याचं लोनचं झालं."

*

उकळण्याआधी जे रसायन घालतात, त्याचं नाव माझ्या जिभेला वळत नाही. ते हाताला लागलं तर लगेच काही दिसत नाही. थोड्या वेळानं कातडी जांभळी होते, आणि मग साबण, माती, लिंबू, कशानंही जात नाही. गजाननचे दोन्ही हातमोजे फाटले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गावात ग्रामपंचायतीचं मतदान होतं.

गजानन रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला. शाई लावणाऱ्यानं डावा हात पुढे करायला सांगितला आणि तो हात पाहून खुर्चीवरून अर्धा उठला. पाचही बोटं जांभळी.

आत दोन्ही बाजूंची माणसं बसलेली होती. एक म्हणे, हा त्यांच्याकडून आधीच मत टाकून आला. दुसरा म्हणे, नाही, त्यांच्याकडून. गजानन सांगत होता की हे हरभऱ्याचं आहे, झाडाला तहान लागली की नाही ते पाहायचं औषध आहे. त्यामुळे त्याच्यावरचा संशय आणखीच वाढला.

शेवटी तिथल्या बाईंनी यादी पाहिली. त्याच्या नावापुढे खूण नव्हती. बाई म्हणाल्या, मत टाकू द्या. पण शाई लावायला कोरं बोट सापडेना. उजव्या हाताचं एक करंगळीचं टोक तेवढं शिल्लक होतं, तिथं लावली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, की पानातलं प्रोलीन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातल्या गोष्टी आपल्या घामातही असतात. रसायन त्यांनाच धरतं, म्हणून कातडी रंगते.

सलीम मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं गजाननचा हात उलटासुलटा करून पाहत होता. म्हणाला, "इतना गहरा रंग? गजाभाऊ, तू भी तहानेला होता क्या?"

कमळाबाईनं उठून त्याला पेलाभर पाणी दिलं.

*

हे ऐकल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न होता. झाड असं करतं, मग माणसाच्या अंगात असं काही होत असेल का? विचारावं की नाही, याचा मी दोन-तीन दिवस विचार केला. मग विचारलं.

मॅडम हातातलं काम ठेवून माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, होतं काका. आपल्या मूत्रपिंडात आत फार खारं असतं. तिथल्या पेशी झाडासारख्याच अशा काही गोष्टी साठवून स्वतःला सांभाळतात.

मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. मी आणि ती रुई, आमच्यात काहीतरी नातं निघालं. घरी येऊन हिला सगळं नीट सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चला. येक अवयव तरी कामाचा निंगाला तुमचा."

*

तहानेच्या आणि खाऱ्या पाण्याच्या कुंड्यांवर प्लास्टिकचं छत आहे. एरवी गुंडाळलेलं असतं. आभाळ आलं, की सलीमनं बसवलेल्या दोरानं ते ओढायचं. त्या दिवशी दुपारीच आभाळ भरून आलं आणि दोर कप्पीत अडकला. थेंब पडायला लागले. 'सासू'च्या कुंड्या अगदी कडेला. पावसाचं पाणी शिरलं असतं तर मातीतला सगळा खार धुऊन गेला असता, आणि मग पेरायला दाणा नव्हता.

सलीम दोर सोडून सरळ वर चढला आणि छताची कड धरून आडवा पसरला. खालून गजानन आणि मॅडम ओढत होते. कमळाबाईनं डोक्यावर घमेलं घ्यायचं सोडून ते कुंडीवर धरलं होतं. मी दुसऱ्या कुंडीवर माझं धोतर धरलं होतं, म्हणजे त्याचा सोगा.

घाटंजीच्या बाजारातून एक म्हातारा बैलगाडी घेऊन चालला होता. त्याच्या गव्हाला तो पाऊस सोन्यासारखा असणार. तो भिजत, हसतच चालला होता. आम्हाला पाहून त्यानं गाडी थांबवली.

"काय करून राह्यला रे बावा, वरतं?"

सलीम वरूनच ओरडला, "पाऊस रोकून राह्यलो, चाचा!"

म्हाताऱ्यानं त्याला बराच वेळ निरखून पाहिलं. मग म्हणाला, "असं का. मंग दरसाली रोकते तो तूच होय तं."

आणि गाडी हाकून निघून गेला.

*

आता शेवटचा. हा परवाचाच आहे, होळी आठवड्यावर आलेली असतानाचा.

मॅडमनी सकाळी सांगितलं, आज कापायचं. अशा प्रयोगात झाड पिकेपर्यंत ठेवत नाहीत. फुलावर आलं की बुडापासून कापतात, मुळं धुतात, कागदी पिशवीत भरून भट्टीत वाळवतात, वजन करतात. पानं घोटायला जातात. एकेका वाणाच्या कुंड्या मॅडम कात्रीनं कापत आल्या. मी मुळं धूत होतो, कमळाबाई पिशव्या धरत होती.

'सासू'च्या चारही कुंड्या खाऱ्या पाण्यावर जगल्या होत्या. बाकीचे बरेच वाण करपून गेले होते. झाडं बुटकी होती, खालची पानं पिवळी, पण नुकतीच जांभळट फुलं आली होती. दाण्याचा घाटा एकही नव्हता.

मॅडमनी कात्री उघडली, तेव्हा कमळाबाईनं कुंडीच्या काठावर हात ठेवला.

"मॅडम, जगलं कसं हे पाहाले त्याले माराच लागते काय?"

मॅडम उभ्या राहिल्या. गजाननही भट्टीजवळून इकडे बघत होता. त्या म्हणाल्या, "न कापता मी कोणाला काय दाखवू? कमळाबाई म्हणतात म्हणून खाऱ्यात येतं, असं लिहू? तुमचे दीर तरी मानतील का?"

कमळाबाई झाडाकडेच बघत होती. हातही काढला नाही.

मॅडमनी कात्री मिटून कुंडीच्या काठावर ठेवली. "चार आहेत," त्या म्हणाल्या. "किती कापायच्या ते तुम्ही ठरवा. मी चहा घेऊन येते."

मॅडम चहा पीत नाहीत.

त्या गेल्यावर कमळाबाई बराच वेळ चारही कुंड्यांपुढे उकिडवी बसून होती. हातानं एकेक झाड चाचपत होती. मग तिनं कात्री घेतली आणि एक कापलं. अगदी बुडापासून, मॅडम कापतात तसं. मग दुसरं. मग तिसरं. पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या. चौथं ठेवलं. चौघांत ते सगळ्यांत लहान होतं.

गजाननला राहवलं नाही. म्हणाला, "हे मरतुकडं काहून ठेवलं व, बाई? चांगलं ठेवाचं होतं."

कमळाबाई म्हणाली, "चांगले तिन्ही मॅडमले दिले. त्याईचं वजन भरन."

मॅडम परत आल्या. पिशव्या पाहिल्या, उरलेली कुंडी पाहिली. बराच वेळ त्या चष्मा पुसत राहिल्या. मग मला म्हणाल्या, काका, याचा प्रयोग आता संपला. याला नळाचं गोडं पाणी घाला. चार घाटे तरी चांगले धरेल.

मी नळावर झारी भरली. कुंडीजवळ आलो, वाकलो, तेवढ्यात कमळाबाईनं झारीची तोटी धरली.

"नको, भाऊ. तिकडं वावरात याले गोडं पानी कोन देनार हाय?"

माझ्या हातातली झारी घेऊन तिनं ती पलीकडच्या वाफ्यात रिकामी केली. खाऱ्या पाण्याच्या टाकीकडे गेली, खुणेपर्यंत भरून आणली, आणि हळूहळू कुंडीत ओतू लागली.